कम्प्लायन्स ॲप: आठवण चोख, पण जुना नियम गायब

रिन्यूअलचा मेसेज आलाय, म्हणून लिहितोय. सरकारी नियम आणि रिटर्नच्या तारखांची आठवण करून देणाऱ्या या ॲपला सुरुवातीला मी पाच तारे दिले होते, आता तीन देतो. सुविधा काय काय आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. तक्रार एकच आहे आणि ती मोठी आहे: नवी अधिसूचना आली की हे ॲप जुना मजकूर पुसून त्या जागी नवा टाकतं.

झालं असं की एका जुन्या ग्राहकाच्या ऑडिटरने आमच्या जानेवारी २०२३ च्या बिलांवर बोट ठेवलं. आयआरएन (बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून ई-इनव्हॉइस केलं की मिळणारा क्रमांक) नाही, तेव्हा जीएसटीच्या नियम ४८(५) प्रमाणे हे बिलच धरता येत नाही, असं म्हणून पेमेंट अडवलं. ॲप उघडलं तर ई-इनव्हॉइस सक्तीचं होण्याची उलाढालीची मर्यादा पाच कोटी. आमची उलाढाल सातच्या आसपास. हिशेब बघणाऱ्या नव्या मुलीचा चेहराच उतरला. पण पाच कोटी लागू झाले १ ऑगस्ट २०२३ पासून! जानेवारीत मर्यादा दहा कोटी होती, आणि २०१७-१८ पासून आम्ही एकदाही तिथवर पोचलेलो नाही.

हा आकडा बदलायला कायद्याला हात लावावा लागत नाही. नियम ४८(४) सांगतो की सरकार अधिसूचित करेल त्यांना हे लागू. आकडा राहतो अधिसूचना १३/२०२० मध्ये, आणि तिच्यात दुरुस्त्या होत होत तो ५०० कोटींवरून १००, ५०, २०, १० करत ५ वर आला, तोही तीन वर्षांच्या आत. प्रत्येक दुरुस्तीला दोन तारखा असतात. १०/२०२३ निघाली १० मे २०२३ ला, लागू झाली १ ऑगस्टला. जूनच्या बिलाला कोणता आकडा लावायचा ते दुसऱ्या तारखेवरून ठरतं. ॲपमध्ये दिसते फक्त 'अपडेट केल्याची' तारीख.

हेल्पलाइनला हे समजावताना घसा कोरडा पडला. दर वेळी नवा माणूस आणि उत्तर तेच, 'सर, आमच्याकडे लेटेस्टच असतं.' अहो, जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने सांभाळायची, कंपनीची हिशेबपुस्तकं आठ वर्षं. मग त्या वर्षांचा नियम नको का सांभाळायला? १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा एडिट लॉग, म्हणजे काय आणि कधी बदललं याची नोंद, सक्तीचा आहे, तो बंदही करता येता कामा नये. हे मला याच ॲपने वेळेवर कळवलं होतं. स्वतःच्या मजकुराला मात्र ती शिस्त नाही.

शेवटी दहा कोटींची मर्यादा आणणाऱ्या अधिसूचना १७/२०२२ ची पीडीएफ मीच शोधून पाठवली, तेव्हा पैसे सुटले.

एवढं लिहून ॲप पुन्हा चाळलं. रागाच्या भरात एक गोष्ट राहून जायला नको. एमएसएमई फॉर्म १ (लहान उद्योगांची थकबाकी कळवण्याचा कंपन्यांचा फॉर्म) च्या ३० एप्रिल आणि ३१ ऑक्टोबर या तारखा असोत की महिन्याचं रिटर्न, पोचपावती अपलोड केल्याशिवाय काम 'पूर्ण' दिसतच नाही. यामुळे आमच्या ऑफिसात पावत्या शोधण्याची धावपळ खरोखर थांबली. या एका गोष्टीसाठी साडेतीन तारे.

प्रीमियम घेणार नाही, साधा प्लॅन पुरे. अधिसूचनांचं वेगळं फोल्डर केलंय, फाइलच्या नावात क्रमांक, निघाल्याची तारीख आणि लागू झाल्याची तारीख. त्याला काही खर्च आला नाही. परिपत्रकं त्यात मिसळत नाही, ती खुलाशापुरती असतात. ॲपवाल्यांनी फक्त 'या तारखेला काय लागू होतं' असा एक रकाना दिला, तर प्रीमियमचे पैसे मी त्याच दिवशी भरेन.