सुप्त विषाणूंची रक्ततपासणी : अहवाल वेळेवर, स्पष्टीकरण मात्र नाही
एपस्टाइन-बार, सायटोमेगॅलो आणि हर्पीस सिम्प्लेक्स या विषाणूंच्या प्रतिपिंडांची (संसर्गाविरुद्ध शरीर तयार करते त्या प्रथिनांची) एकत्रित तपासणी मी एका प्रयोगशाळेकडून करून घेतली. नमुना काळजीपूर्वक घेतला गेला आणि अहवालही वेळेवर मिळाला. मात्र ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ (आयजीजी हा प्रतिपिंडांचा एक प्रकार) या नोंदीपुढे लाल खूण करून स्पष्टीकरणाची एकही ओळ न देणे ही मला गंभीर उणीव वाटते. कारण एपस्टाइन-बार विषाणू जगातील ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात, बहुधा कोणत्याही लक्षणांशिवाय, आयुष्यभर सुप्त राहतो आणि आयजीजी प्रतिपिंडे सहसा पूर्वी कधीतरी झालेला संसर्ग दाखवतात, सध्याचा आजार नव्हे. अवयव प्रत्यारोपणापूर्वी सायटोमेगॅलोची माहिती खरोखरच मोलाची ठरते. निरोगी व्यक्तीने निव्वळ कुतूहलापोटी ही तपासणी करावी, असे मी सुचवणार नाही.