मेगर आधी घ्यावा की स्कोप?

मल्टिमीटर आणि क्लॅम्पमीटर सीएनसीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनच्या, मेंटेनन्सवाल्याच्या पेटीत असतातच. थोडे पैसे हाताशी आले की प्रश्न पडतो पुढच्या खरेदीचा: ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन किती शाबूत आहे ते मोजणारा), की हातात धरायचा स्कोप (व्होल्टेजचा चढउतार पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप)? भोसरीतल्या आमच्या शॉपमध्ये चार व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन) आणि दोन टर्निंग सेंटर (सीएनसी लेथ) आहेत. त्यांच्यावर मी दोन्ही वापरून पाहिले, स्कोप उसना आणून आणि मेगर विकत घेऊन.

स्कोपची बाजू आधी सांगतो, कारण ती भक्कम आहे. टूल चेंजरचा सोलेनॉइड ओढला की मशीन अधूनमधून रीसेट होतं. मल्टिमीटर मात्र २४.१ व्होल्टच दाखवत राहतो, कारण तो सरासरी दाखवतो. दहा-वीस मिलिसेकंदांसाठी सप्लाय बसला तर त्याला कळत नाही, स्कोपवर तोच खड्डा स्वच्छ दिसतो. स्पिंडल ओरिएंटेशन (टूल बदलताना स्पिंडल ठरावीक कोनात थांबणं) चुकतंय आणि सेन्सरची गॅप लावायची आहे, किंवा लिनिअर स्केलच्या (ॲक्सिस किती सरकला ते मोजणाऱ्या पट्टीच्या) काचेवर कूलंट बसून साइन-कोसाइन सिग्नल बारीक झालाय, अशा ठिकाणीही मेगरचा काही उपयोग नाही. उलट एन्कोडरच्या (मोटर किती फिरली ते सांगणाऱ्या सेन्सरच्या) पिनांना मेगर लावलात तर एन्कोडरच जाईल. सिरियल, म्हणजे डिजिटल डेटा पाठवणारा, एन्कोडर असेल तर मात्र स्कोपवर पाहून फारसं हाती लागत नाही, ड्राइव्हचा (मोटरला वीज देऊन चालवणाऱ्या युनिटचा) अलार्म नंबरच जास्त सांगतो.

तरी मी मेगरकडे वळलो, ते एका पावसाळ्यामुळे. एका व्हीएमसीवर रोज पहिल्या शिफ्टला एक्स ॲक्सिसचा ओव्हरकरंट अलार्म यायचा. तीन-चार वेळा रीसेट केलं की मशीन चालू, आणि दहानंतर दिवसभर काही नाही. मल्टिमीटरने मोटरचे तिन्ही फेज बॉडीशी तपासले, पूर्ण ओपन. मग स्कोप आणला आणि सलग तीन सकाळी पॅनेलसमोर उभा राहिलो.

स्कोपची जी अडचण मला शेवटपर्यंत खुपली ती हीच. त्याला मशीन चालू हवं, पॅनेल जिवंत हवं आणि दार उघडं हवं. जुलैत पॅनेलचं दार तासभर उघडं ठेवायचं म्हणजे दमट हवा आणि कूलंटचा धूर सरळ ड्राइव्हच्या कार्डांवर घ्यायचा. वर प्रोडक्शनचा तगादा: "साहेब, जॉब लावू का?" आणि दोष तर आपल्या सोयीने येत नाही. तिसऱ्या दिवशी अलार्म आला तेव्हा मी प्रोब दुसऱ्या फेजवर हलवत होतो.

चौथ्या दिवशी शेजारच्या शॉपमधून मेगर मागून आणला (स्वतःचा नंतर घेतला). शिफ्ट सुरू होण्याआधी, मेन स्विच बंद. ड्राइव्हचा चार्ज लॅम्प विझेपर्यंत थांबलो, मीटरने डीसी बस (ड्राइव्हच्या आतला डीसी सप्लाय) उतरल्याची खात्री केली आणि मोटरच्या यू, व्ही, डब्ल्यू वायरी ड्राइव्हपासून सोडवल्या. वायरी आणि अर्थ यांच्यामध्ये ५०० व्होल्ट दिले तर रीडिंग ०.४ मेगओहम. मल्टिमीटर दोन-चार व्होल्टवर तपासतो, त्याला ही गळती दिसणार तरी कशी! मग मोटरकडचा कनेक्टर उघडला. आत पिनांभोवती दुधासारखं पांढरं कूलंट साचलेलं होतं. मोटर एकटी तपासली तर १०० मेगओहमच्या वर. म्हणजे मोटर ठणठणीत, दोष कनेक्टरमध्ये. रात्रभर ओल धरायची आणि मोटर तापली की सुकायची, म्हणून दहानंतर अलार्म नाही. कनेक्टर धुऊन वाळवला, सील नवीन टाकलं. सगळं मिळून पाऊण तास लागला, आणि मशीन तसंही बंदच होतं.

माझा अनुभव सहा मशीनचा आहे, तुमच्याकडे चित्र वेगळं असू शकेल. पण ओल्या कटिंगच्या शॉपमध्ये सर्वो आणि स्पिंडलचे जे दोष माझ्या वाट्याला आले, त्यांतले बरेचसे कूलंट आणि इन्सुलेशनचेच निघाले.

मेगरचीही मर्यादा आहे. वाइंडिंगचे वेढे आपापसात शॉर्ट झाले तर तो गप्प बसतो. त्यासाठी तिन्ही फेजचा रेझिस्टन्स एकमेकांशी ताडून पाहावा लागतो. केबल चेनमध्ये वाकताना एखादी तार तुटत असेल तर तेही त्याला कळत नाही, तिथे मल्टिमीटर लावून केबल हलवणंच बरं. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: वायर ड्राइव्हला जोडलेली असताना मेगर कधीही लावू नका, आणि टेस्ट झाल्यावर वाइंडिंग अर्थशी जोडून डिस्चार्ज करा.

स्कोपचा धोका मात्र मला याहून मोठा वाटतो. टेबलावरच्या स्कोपच्या प्रोबची क्लिप थेट अर्थला जोडलेली असते. ती डीसी बसच्या निगेटिव्हला लावली की शॉर्ट झालाच म्हणून समजा. काही जण त्यावर उपाय म्हणून प्लगची अर्थ पिन काढून टाकतात. कृपा करून तसं करू नका, स्कोपची अख्खी बॉडीच जिवंत होऊ शकते. चॅनेल आतून वेगळे केलेला हॅण्डहेल्ड स्कोप सुरक्षित असतो, पण त्याची किंमत साध्या मेगरच्या कितीतरी पट.

रोज स्केल आणि ओरिएंटेशनचीच कामं येत असतील, किंवा ड्राइव्ह रिपेअर करत असाल, तर आधी स्कोप घेण्यात चूक नाही. बाकीच्यांनी माझ्या मते मेगर घ्यावा आणि स्कोप लागेल तेव्हा मागून आणावा.

आता महिन्यातून एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, प्रत्येक मोटरचं रीडिंग घेतो आणि पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलने लिहितो. १०० मेगओहमच्या वर असेल तर निश्चिंत. १० ते १०० मध्ये आलं की लक्ष ठेवायचं, १० च्या खाली गेलं की बदली (स्पेअर) मोटरची चौकशी सुरू करायची, १ च्या खाली ती मोटर चालवायची नाही. गेल्या जूनमध्ये एका टर्निंग सेंटरच्या झेड ॲक्सिसचे आकडे २००, ९०, ३५ असे उतरताना दिसले. अलार्म यायच्या आधीच कनेक्टर उघडला, सील फाटलेलं होतं.