दुधाच्या खाड्याशेजारी कुत्र्याचा खाडा

कुत्र्याचं फिरणं, खाणं, औषधं यांची नोंद ठेवायला आज तीन सोयी हाताशी आहेत: फोनमधलं अ‍ॅप, गळ्यात बांधायचा ट्रॅकर आणि स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं मोठ्या चौकोनांचं कॅलेंडर. मराठवाड्यातल्या भरल्या घरासाठी आमचा कौल कॅलेंडरला आहे.

घरात चार-पाच माणसं असली की सकाळी कुत्र्याला एक जण नेतो, संध्याकाळी दुसरा, दुपारची भाकरी आजी कालवून घालतात. अशा घरात चुका दोनच प्रकारच्या होतात. एकाने केलेलं काम दुसरा पुन्हा करतो, नाहीतर दोघांनाही वाटतं की दुसऱ्याने केलंच असेल. जंताची गोळी चार दिवसांत दोनदा जाते आणि रात्रीचा फेरा कुणाच्याच हातून होत नाही. म्हणून नोंद जिथे सगळ्यांची नजर दिवसातून दहादा जाते तिथेच असावी.

अ‍ॅप इथेच कमी पडतं. नोंद एकाच्या खिशात राहते. ती घरातल्या चार फोनवर दिसावी म्हटलं तर बरीच अ‍ॅप वर्गणी मागतात, आणि आजींच्या बटणाच्या फोनवर ती चालतच नाहीत. फेऱ्याचा नकाशा काढणारं अ‍ॅप मोजतं ते फोनला. बॅटरी वाचवायची सोय चालू असेल तर पडदा बंद झाल्यावर अ‍ॅप झोपतं, पुन्हा जागं झालं की मधल्या वळणांवरून सरळ रेघ ओढून मोकळं होतं आणि अंतर कमी दिसतं. बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपवरचं बंधन काढलं की हे बरंचसं थांबतं. जुन्या गावठाणातल्या अरुंद बोळांत उलटं होतं: भिंतींमुळे जीपीएसचा ठिपका इकडेतिकडे उडतो आणि अंतर फुगतं. तसंही किलोमीटरला फार किंमत देऊ नये. कुत्र्याला मनासारखं हुंगायला मिळालेली वीस मिनिटं, पट्टा ओढत नेलेल्या दोन किलोमीटरपेक्षा त्याच्या जास्त कामाची असतात. मिनिटं लिहा, ती पुरेशी आहेत.

तरीही अ‍ॅपच घ्यायचं असेल तर पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बघून घ्या. तारीख दिवसाने सुरू होते की महिन्याने? ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे, या घोळात लस महिनाभर पुढेमागे होते. दुसरं, वजन किलोत आहे की पौंडात? २० किलोचा कुत्रा पौंडात ४४ दिसतो. तो ४४ चा आकडा किलो समजून औषध आणलं तर मात्रा दुपटीहून जास्त होते.

ट्रॅकरचा विषय थोडक्यात. सिमवाला ट्रॅकर मोबाइलच्या रेंजवर जगतो. शिवारात रेंज गेली की कुत्रा नकाशावर शेवटच्या जागीच उभा दिसतो. ब्लूटूथचं छोटं टॅग आसपास दुसरे फोन असतील तरच ठिकाण कळवतं, त्यामुळे कॉलनीत ठीक, माळरानावर निरुपयोगी. कारवानी जातीचा वेगवान शिकारी कुत्रा पाळणाऱ्यांनी मात्र सिमवाला ट्रॅकर जरूर विचारात घ्यावा, कारण तो कुत्रा सुटला की बघता बघता दोन शेतं ओलांडतो. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जातील इतकी ढील ठेवा आणि आठवड्यातून एकदा तो काढून मानेची कातडी बघा. ओल, धूळ आणि घर्षण यांनी तिथे केस जातात. निगेची नोंद म्हणून ट्रॅकरचा उपयोग जवळपास नाही.

आता कॅलेंडर. यावर दुधाचा हिशोब आधीच लिहिला जातो, त्यामुळे घरातल्या प्रत्येकाला चौकोनात खूण करायची सवय असते. नवीन काही शिकवावं लागत नाही, ही त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

खुणांची पद्धत साधी ठेवा. सकाळचा फेरा झाला की उभी रेघ, संध्याकाळचा झाला की तिच्यावर आडवी. दोन्ही झाले की अधिकचं चिन्ह तयार होतं आणि लांबूनही दिसतं. नुसती उभी रेघ दिसली की संध्याकाळी घरात येणाऱ्याला विचारायची गरज नाही, पट्टा उचलायचा. नेणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर रेघेच्या टोकाला. शी घट्ट झाली तर काही लिहायचं नाही, पातळ झाली तर 'पा'. जेवण टाकलं तर 'टा'. फेरा चुकला तर दुधासारखाच 'खा'. निळं पेन दुधाला, लाल कुत्र्याला. पेन दोरीने खिळ्यालाच बांधा. पेन शोधावं लागलं की नोंद राहते.

'पा' आणि 'टा' ही अक्षरं दोन दिवस सलग आली तर तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका. मराठवाड्यात गोचीड जवळपास बाराही महिने भेटतात आणि गोचीड-तापाची सुरुवात अशीच होते: खाणं कमी, फिरायला निघताना टाळाटाळ, मग ताप, हिरड्या फिक्या. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कॅलेंडर इथे फार मदत करतं, कारण 'बरेच दिवस झाले नीट खात नाही' याऐवजी डॉक्टरांना 'मंगळवारपासून' असं सांगता येतं. एक गोष्ट लिहायला विसरू नका: घरातलं उरलेलं काय घातलं. येसर आमटीत कुस्करलेली भाकरी कुत्रा आवडीने खातो, पण कांदा-लसणाने त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि हिरड्या तशाच फिक्या पडतात. आमटी कधी घातली हे माहीत असेल तर निदान लवकर होतं. शिराही बेदाणे काढूनच द्या, नाहीतर देऊच नका. ते मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात.

छापील मजकुराचाही उपयोग होतो. गोचिडांसाठी मानेवर सोडायचं महिन्याचं औषध असेल तर त्याला संकष्टीची तारीख पकडा. दोन संकष्टींत २९-३० दिवस असतात आणि ती प्रत्येक पानावर ठळक छापलेली असते. औषध केस बाजूला करून थेट कातडीवर सोडायचं, आणि आधी-नंतर दोन दिवस अंघोळ नाही. शाम्पूने कातडीवरचं तेल गेलं की औषध पसरत नाही. सूर्योदयाची वेळ छापलेली असेल तर ती बहुधा मुंबईची असते. नांदेडला सूर्य त्याच्या साधारण १८ मिनिटं आधी उगवतो, लातूर-परभणीला १५ आणि छत्रपती संभाजीनगरला १० मिनिटं आधी. मे महिन्यात ही मिनिटं मोलाची असतात. साडेपाचला बाहेर पडून पावणेसातला परत यायला हवं. संध्याकाळी आठच्या आधी निघू नका, कारण दिवस मावळला तरी डांबर तापलेलंच असतं. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा, ठेववत नसेल तर फेरा मातीच्या वाटेवर. फोनमधला सातचा गजर वर्षभर तोच राहिला तर उन्हाळ्यात तो कुत्र्याला भाजून काढतो. म्हणून मार्च, जून आणि नोव्हेंबरच्या पानांवर सगळ्यात वर फेऱ्याची नवी वेळ लिहून ठेवा.

पावसाळ्यात काळी माती बोटांमधल्या केसांत अडकते आणि वाळली की खड्यासारखी घट्ट होते. कुत्रा लंगडतो, आणि घरच्यांना काटा मोडल्यासारखं वाटतं. ओढून काढू नका; कोमट पाण्याच्या मगात पाय दोन मिनिटं बुडवून ठेवला की गोळा आपोआप सुटतो. मग फडक्याने कोरडं करा. पाऊस सरला की सराटे आणि गवताची कुसळं. कुसळ एकाच दिशेने आत सरकतं, म्हणून कान आणि बोटांच्या बेचक्या फेऱ्यानंतर लगेच बघायच्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरभर संध्याकाळच्या रेघेला 'पाय पाहिले' याचा एक ठिपका जोडावा.

महिन्याच्या पहिल्या रविवारी वजन लिहा. कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी. औषधांच्या मात्रा वजनावर असल्याने हा आकडा लागतोच. त्याच दिवशी नखं. फरशीवर चालताना टकटक आवाज आला की ती वाढली समजायचं. कान आठवड्याला.

कॅलेंडरच्या उणिवा आहेत. तिथी-नक्षत्रांनी चौकोन भरलेला असतो, त्यामुळे दोन कुत्री असतील तर जागा पुरत नाही. दुसऱ्यासाठी वेगळं कॅलेंडरच लावा. सहाव्या आठवड्यात जाणाऱ्या ३०-३१ या तारखा बऱ्याच छपाईत पहिल्या आठवड्याच्या रिकाम्या जागेत येतात आणि तिथला फेरा चुकून सुटतो. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे कॅलेंडर हाक मारत नाही. म्हणून तीन गजर फोनवर असू द्या: रेबीजची लस वर्षातून एकदा, एकत्रित लस (एकाच सुईत अनेक आजारांवरची) डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला, जंताची गोळी मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी. गजर दोन फोनवर लावा. पिल्लाचं वेळापत्रक वेगळं असतं: जंताचं औषध तीन महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरवड्याला, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा, आणि रेबीजची पहिली लस तीन महिन्यांची झाल्यावर.

कुत्रा कुणाला चावलाच तर पहिला प्रश्न लसीच्या तारखेचा येतो, आणि पुढचे दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवावं लागतं. ते दहा चौकोन लगेच लाल चौकटीत घ्यावेत. जखमेवर मात्र साबण-पाणी पंधरा मिनिटं आणि लगेच दवाखाना, चौकट नंतर.

डिसेंबरचं पान उतरवण्याआधी शेवटच्या लसी, शेवटची जंतगोळी आणि शेवटचं वजन नव्या जानेवारीच्या वरच्या कोऱ्या पट्टीत उतरवून घ्या. जुनं कॅलेंडर रद्दीत न देता गुंडाळी करून लसीच्या पुस्तिकेसोबत आणखी वर्षभर ठेवा.