‘जिल्हा प्रतिनिधी नेमणे आहे’ : अनामत भरण्याआधी हे वाचा

पत्रकारितेच्या बी.जे., एम.जे. परीक्षांचे निकाल लागले की मराठवाड्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर बातमीदारीच्या नोकरीची ही जाहिरात फिरायला लागते. ‘तालुका व जिल्हा प्रतिनिधी नेमणे आहे. बी.जे., एम.जे. झालेल्यांना प्राधान्य. नियुक्तीपत्र, ओळखपत्र, माईक मिळेल.’ खाली मोबाइल नंबर. पगाराचा आकडा कुठंच नसतो.

परभणी जिल्ह्यातला एम.जे. झालेला एक मुलगा अशाच जाहिरातीत अडकला. आधी फॉर्मचे 500 रुपये. मग छत्रपती संभाजीनगरात हॉटेलच्या हॉलमध्ये मुलाखत आणि तिथल्या तिथं निवड. ओळखपत्र आणि लोगोच्या माईकसाठी 3,000. शेवटी ‘परत मिळणारी अनामत’ म्हणून 15,000. वडिलांनी भाव नसताना सोयाबीन विकून ते दिले. त्यानंतर कळलं की पगार नाहीच. दर महिन्याला जाहिराती आणायच्या, त्यावर कमिशन मिळेल. अनामत परत मागितली तर उत्तर ठरलेलं : ‘तुमचं टार्गेट पूर्ण झालेलं नाही.’

त्याच्या हातात दिलेलं नियुक्तीपत्र नीट पाहण्यासारखं आहे, कारण फसवणूक त्या एका कागदावर मावलेली असते. वर अशोकस्तंभासारखं चिन्ह आणि ‘भारत सरकार मान्यताप्राप्त’ असा मजकूर. खासगी माध्यमाला राजचिन्ह वापरताच येत नाही, त्यासाठी 2005 चा स्वतंत्र कायदा आहे. खाली उद्यम नोंदणीचा क्रमांक. ही नोंदणी कुणालाही ऑनलाइन, फुकट, स्वतःच माहिती भरून करता येते. लघुउद्योग म्हणून नाव लागलं, एवढाच तिचा अर्थ. त्याखाली आरएनआय क्रमांक, म्हणजे वृत्तपत्र नोंदणीचा क्रमांक, आणि खरी मेख इथं असते. तो क्रमांक बहुतेक वेळा कुठल्या तरी साप्ताहिकाचा असतो आणि काम मात्र यूट्यूब चॅनलचं देतात. ती नोंदणी छापील नियतकालिकाची असते. यूट्यूब चॅनलला ती मिळत नाही आणि वार्ताहराला तर नाहीच नाही.

पडताळणी घरबसल्या होते. 1 मार्च 2024 पासून नवा कायदा लागू झाला आणि जुन्या आरएनआयचं काम आता प्रेस रजिस्ट्रार जनरलकडे आहे. त्यांच्या प्रेस सेवा पोर्टलवर शीर्षक टाकून मालक, भाषा, प्रकाशनाचं गाव आणि ते दैनिक आहे की साप्ताहिक, हे जुळवा. अंक मागून घ्या आणि ‘मालक, मुद्रक, प्रकाशक’ असं छापलेली बारीक ओळ वाचा. त्यात लिहिलेल्या छापखान्यात फोन करून अंक खरंच छापला जातो का, ते विचारा. ‘सॅटेलाइट चॅनल’ म्हणत असतील, तर परवानगी असलेल्या वाहिन्यांची यादी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे.

अनामतीला शिकलेली पोरंही का भुलतात, हे समजून घ्यायला हवं. वृत्तपत्राची एजन्सी घेताना, म्हणजे अंक विकायला घेताना, विक्रेत्याकडून अनामत घेण्याची रीत आहे. उधारीवर माल उचलतो म्हणून ती असते. गावाकडं पुष्कळदा वार्ताहर आणि एजंट एकच माणूस असतो, त्यामुळं ‘पेपरवाले अनामत घेतातच’ हे घरच्यांनाही खरं वाटतं. पण बातमी लिहिणारा माणूस कुठला माल उचलतो? बातमीदाराच्या नोकरीसाठी अनामत मागितली की तिथूनच उठून यावं. ‘जाहिरातीची येणी वसूल न झाल्यास जबाबदारी माझी’ अशा बाँडवर सही नको, आणि कोरा चेक तर अजिबात नको.

कार्डासोबत आणखी दोन थापा येतात. ‘टोल माफ’, हे खोटं. राष्ट्रीय महामार्गांच्या टोलसवलतीच्या यादीत पत्रकार नाहीत. दुसरी, ‘शासनाचं अधिस्वीकृतीपत्र मिळवून देतो’. हे पत्रकार म्हणून शासनमान्यतेचं कार्ड माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं, अधिस्वीकृती समितीच्या शिफारशीवर, आणि त्याला अनुभव लागतो. अर्जाची माहिती जिल्हा माहिती कार्यालयात मिळते. त्यासाठी दलाल लागत नाही.

पैसे बुडाले, तर कष्टानं का होईना, भरून निघतात. आम्हाला जास्त काळजी पुढच्या गोष्टीची वाटते. टार्गेट भरत नाही म्हटल्यावर या पोरांना रेशन दुकानावर, वाळूच्या गाड्यांवर, ग्रामसेवकाकडं पाठवतात. ‘व्हिडिओ काढ, मग जाहिरात माग.’ समोरच्यानं तक्रार दिली की गुन्हा खंडणीचा होतो, भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 खाली. चॅनलचा मालक ‘हा आमचा माणूसच नाही’ म्हणून हात वर करतो. आरोपीच्या जागी नाव मुलाचं लागतं आणि पुढं सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तोच गुन्हा आडवा येतो. बातमी अडवून जाहिरात मागायला सांगणाऱ्याकडं एक दिवसही थांबू नका.

खरी भरती कशी होते, तेही सांगतो. दैनिकाच्या डेस्कवर घेण्याआधी बहुधा चाचणी घेतात : वृत्तसंस्थेच्या इंग्रजी बातमीचं भाषांतर, मथळा, एखादी बातमी निम्म्यावर आणणं. युनिकोडमध्ये वेगानं टाइप करता येणं आणि इनडिझाइन या सॉफ्टवेअरवर पान लावता येणं, याला जिल्ह्याच्या गावी आजही किंमत आहे. स्ट्रिंगरला, म्हणजे बातमीगणिक पैसे मिळणाऱ्या वार्ताहराला, बातमीमागं किती आणि किती दिवसांनी मिळणार, हे ईमेलवर लिहून घ्या. आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या जागा प्रसार भारतीच्या संकेतस्थळावर येतात. माहिती खात्यातल्या अधिकारी पदांच्या जाहिराती एमपीएससी काढतं, तिथलं परीक्षा शुल्क आयोगाच्या पोर्टलवरच भरायचं असतं. कुणाच्या फोनपेवर नाही.

पैसे गेलेच असतील, तर ऑनलाइन दिलेल्या रकमेसाठी लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम समोरच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त असते. यूपीआय व्यवहाराचा 12 आकडी क्रमांक हाताशी ठेवा. ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी सगळी चॅट एक्स्पोर्ट करा, जाहिरातीचा स्क्रीनशॉट नंबर दिसेल असा घ्या. कार्ड वापरणं थांबवा, गाडीवरचं ‘प्रेस’ काढा आणि राजीनामा ईमेल आणि स्पीड पोस्टनं पाठवून पावती जपा. उद्या त्या चॅनलच्या नावानं काही घडलं, तर तुम्ही कधी बाहेर पडलात हे त्याच कागदावर दाखवता येईल. मग पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची लेखी तक्रार द्या. रोख दिले असतील, तर सोबत कोण होतं, पैसे कुठल्या खात्यातून काढले, ते तक्रारीत लिहा. ठाण्यात गुन्हा नोंदवायला नकार मिळाला, तर तीच तक्रार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) चा उल्लेख करून पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवता येते.