एकट्याने एअर काढायची बाटली: आठ महिने वापरल्यावर, आणि ती काळी नळी

मागच्या आठवड्यात ब्रेकचं पेडल पुन्हा खाली बसलं, म्हणून हे लिहायला घेतलं. पहिल्या दाबाला पेडल जवळजवळ फ्लोअरला टेकतं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं आणि कडक लागतं. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली जुनी गाडी ज्यांनी सांभाळली आहे त्यांना हे दुखणं पाठ असेल. मी धरून चाललो की एअर शिरली, म्हणजे ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा अडकली. ही एअर काढायची म्हणजे घरातल्या कुणाला तरी पेडलवर बसवायचं आणि तासभर त्यांची बोलणी खायची. ते टाळायला आठ महिन्यांपूर्वी ही बाटली घेतली. एकेरी व्हॉल्व्हची (ऑइल एकाच दिशेने जाऊ देणारी) नळी, बाटलीला लोहचुंबक, बाकी काही नाही.

आधी नळी. ती काळी आहे. या कामात माणूस गाडीखाली आडवा पडून बघतो काय, तर बुडबुडे! ते ज्यातून दिसायला हवेत तीच नळी अपारदर्शक. बनवणाऱ्याने एकदा तरी स्वतः निप्पल (चाकामागचा एअर सोडायचा स्क्रू) सोडून बघायचं होतं. दोन महिने मी टॉर्च तोंडात धरून बाटलीच्या तळाकडे डोळे फोडले. शेवटी माशांच्या टाकीची पारदर्शक नळी कापून लावली आणि व्हॉल्व्ह तिच्या टोकाला बसवला. फुकटात झालं, पण राग गेला नाही.

लोहचुंबकाचं थोडक्यात सांगतो. बॅक प्लेटवर (ड्रममागच्या तबकडीवर) चिखल असला की तो सुटतो. एकदा बाटली आडवी झाली. ब्रेक ऑइल रंगाचं काय करतं हे आता मला प्रत्यक्ष माहीत आहे.

नळी पारदर्शक झाली आणि वेगळीच डोकेदुखी सुरू झाली, बुडबुडे थांबेचनात. मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की लाइनमध्ये ऑइल ढकलतो तो) सर्वांत लांबचं चाक आधी, मग जवळचं, सगळं रीतसर केलं. एका चाकातून अख्खा डबा ऑइल गेलं तरी नळीत फेसच. व्हॉल्व्हला मनसोक्त शिव्या घातल्या, पण चूक त्याची नव्हती. निप्पल सैल असताना पेडल वर येतं तेव्हा लाइनमध्ये किंचित ओढ बसते आणि झिजलेल्या आट्यांमधून बाहेरचीच हवा आत शिरते. आपल्याला वाटतं ती चाकातल्या सिलिंडरमधून येतेय. निप्पल काढून आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन वेढे दिले (टोकाच्या निमुळत्या भागाला मुळीच नाही, सील तिथेच होतं) आणि मग फक्त पाव फेरा सैल केला. फेस बंद.

बाटलीत जमलेलं ऑइल गाळून परत ओतायचा मोह मलाही झाला. ओतलं नाही. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओलावा धरल्यावर तीच मर्यादा १५५ वर येते. लांब उतारावर मला ही काटकसर नको.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. काल ड्रम उघडले आणि वरचं बरंच मागे घ्यावं लागतंय.

एअर नव्हतीच. लायनर (ब्रेकच्या शूवरचा, ड्रमला घासणारा थर) आणि ड्रममध्ये एवढी फट पडली होती की ती भरून काढण्यातच अर्धं पेडल संपत होतं. दोनतीनदा दाबल्यावरही पेडल स्प्रिंगसारखं मऊ लागलं असतं तर हवेवर संशय घेणं ठीक. माझं दुसऱ्या दाबाला कडक होत होतं. हे मी स्वतःच पहिल्या परिच्छेदात लिहिलंय आणि तरी डोक्यात प्रकाश पडला नाही! एका मेकॅनिकने तर न उघडताच मास्टर सिलिंडर बदलायला सांगितलं होतं. पेडलवर पाय दाबून धरला तर ते हळूहळू बुडत नव्हतं, म्हणून त्याला हात लावला नाही. ते बरं झालं.

ॲडजस्टरचं (ही फट कमी करायच्या स्क्रूचं) चौकोनी टोक गंजून बसलेलं. ऑइल मारून रात्रभर ठेवलं, सकाळी ‘कट्’ असा आवाज आला आणि ते हललं. चाक अडेपर्यंत आवळलं, पेडल जोरात दाबून शू जागेवर बसवले, पुन्हा आवळलं. त्याच अवस्थेत एअर काढली, कारण शू ड्रमला चिकटलेले असले की पिस्टन फारसे सरकत नाहीत. नंतर चाक जेमतेम मोकळं फिरेल इतकं सोडलं. (जुन्या लायनरची धूळ फुंकू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.)

शेवटचा हात मात्र मुलीला बसवून मारला, बाटलीशिवाय.

“दाब.”

“दाबलं.”

“धरून ठेव, सोडू नकोस.”

“धरलंय बाबा, पण किती वेळ?”

चार चाकं, वीस मिनिटं. पेडल पहिल्याच दाबाला वर.

म्हणजे बाटली वाईट नाही. वर्षाकाठी जुनं ऑइल काढून नवं भरायला एकट्याला पुरते. पाचपैकी तीन दिले असते, नळीमुळे अडीच. ती काळी नळी अजून टूलबॉक्समध्ये आहे. चांगली आहे, फेकवत नाही.