माजघरातल्या कॉम्प्युटरला नेट: केबल, रिपीटर की फोन?

आमच्या बेळगावातल्या शहापूर-वडगावकडची जुनी घरं लांबलचक. रस्त्याला सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर आणि शेवटी परसू. फायबरवाला बॉक्स सोप्यातच ठोकून जातो, कॉम्प्युटर असतो माजघरात आणि मधे जाडजूड भिंत. सोप्यात फोनवर नेट पळतं, आत मात्र नुसतं चक्र फिरत राहतं. मग ‘नेट येईना झालंय, कनेक्शनच बदलूया’ असं घरात ठरतं.

बदला, पण आधी अर्धा तास खर्च करा. बॉक्सवरचा एलओएस दिवा लाल असेल तर फायबरमधून सिग्नलच येत नाही. तेव्हा कॉम्प्युटरशी झटापट करून उपयोग नाही, तक्रार नोंदवा. दिवा ठीक असेल तर कॉम्प्युटर उचलून सोप्यात आणा आणि लॅन केबलने थेट बॉक्सला जोडा. नेट नीट चाललं तर लाइन चांगली आहे, गोची वायफायची. केबलवरही चाललं नाही तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करून, म्हणजे फोनचं नेट कॉम्प्युटरला देऊन बघा. फोनच्या नेटवर कॉम्प्युटर चालला तर दोष बॉक्सकडे, लाइनकडे किंवा लॅन केबल-पोर्टकडे. तिथंही अडला तर कॉम्प्युटरच तपासायला हवा. हे कळल्याशिवाय काही विकत घेणं म्हणजे ताप न बघता गोळी घेणं.

दोष वायफायचा निघाला, तर एक फुकटचा उपाय आधी. वायफायचे दोन बँड असतात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतं, पण भिंतीपुढे लवकर दमतं, २.४ हळू, पण आतपर्यंत पोचतं. माजघरासाठी २.४ धरा आणि राउटरमध्ये, म्हणजे त्याच बॉक्सच्या सेटिंगमध्ये, १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा चॅनेल निवडा. गल्लीत घराला घर चिकटलेलं, त्यामुळे शेजाऱ्यांची वायफाय एकमेकांत घुसतात. शिवाय वायफायचा डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायची छोटी काडी, सीपीयूच्या मागे, यूएसबी ३च्या हार्ड डिस्कशेजारी खोचला असेल तर तिथून काढून लांब लावा. त्या पोर्टचा गोंगाट नेमका २.४वर होतो.

एवढ्यानं भागलं नाही, तर माझं मत सरळ केबलला. कॅट ५ई किंवा कॅट ६ घ्या. दोन्ही १ जीबीपीएसचा वेग १०० मीटरपर्यंत नेतात. आपली घरं लांब असली तरी इतकी नाहीत! अट एकच, आठही तारा नीट क्रिंप झालेल्या, म्हणजे प्लगमध्ये दाबून बसवलेल्या हव्यात. १०० एमबीपीएसला चार तारा पुरतात, १ जीबीपीएसला आठही लागतात. त्यामुळे उरलेल्या चारांपैकी एखादी तार ढिली राहिली तर नेट चालतं, पण १००वर अडकतं, आणि आपण पुन्हा कंपनीला शिव्या घालतो. केबल भिंतीच्या वरून, तुळईच्या कडेनं नेली तर पायातही येत नाही.

रिपीटर म्हणजे वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा. त्याला भोक पाडावं लागत नाही, म्हणून भाड्याच्या घरात तोच बरा. पण लोक तो कॉम्प्युटरशेजारी लावतात, जिथं सिग्नल आधीच मेलेला. तो वाटेत, दाराच्या चौकटीजवळ हवा, जिथून बॉक्स ‘दिसतो’. साधा रिपीटर एकाच बँडवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. मेलसाठी चालेल, ऑनलाइन वर्गाला कुरकुर राहील.

फोनचा हॉटस्पॉट कायमचा पर्याय म्हणून मला पटत नाही. निपाणीकडे किंवा चंदगडकडे, कर्नाटक-महाराष्ट्र सीमेलगत फोन कधी इकडचा टॉवर धरतो, कधी पलीकडचा, आणि वेग त्याप्रमाणे डोलतो. विंडोज अपडेट सुरू झालं की दिवसाचा डेटा दुपारपर्यंत संपतो. म्हणून तिथं विंडोजमधलं ‘मीटर्ड कनेक्शन’ हे डेटा वाचवायचं सेटिंग चालू ठेवा. फायबर तुटल्यावर, परीक्षेचा फॉर्म भरायचा असताना मात्र फोनच धावून येतो. करंट वारंवार जात असेल तर बॉक्सला छोटा यूपीएस लावा, पण अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवूनच.

केबलचा एक तोटा मी भोगलाय. वळवाच्या पावसात वीज जवळच कडाडली आणि माझ्या कॉम्प्युटरचं लॅन पोर्ट गेलं, वायफाय शाबूत. यूएसबीचं लॅन अडॅप्टर घेऊन काम भागवलं. आता ढग गडगडायला लागले की आई कपडे काढायला परसात धावते आणि मी केबल काढायला माजघरात.