हार्ट अटॅकमधली गुठळी: ओढून काढायची की इंजेक्शनने विरघळवायची?

ईसीजीत एसटी (आलेखाच्या रेषेचा एक भाग) उचललेला दिसला, की धमनी पूर्ण बंद आहे असं धरून चालतात. मग रस्ते दोन: कॅथ लॅबमध्ये (धमनीत नळी घालण्याच्या खोलीत) अँजिओप्लास्टी, म्हणजे तार-फुग्याने धमनी उघडणं, किंवा जागेवरच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. निवड घड्याळावर होते. निदानापासून 120 मिनिटांत गुठळीतून तार पार होणार असेल तर अँजिओप्लास्टीच सरस. नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत, मोठ्या हॉस्पिटलांजवळ असाल तर इंजेक्शनचा विचारही करू नका.

गडचिरोलीत असाल तर गणित उलटतं. नागपूर 170 किलोमीटरच्या आसपास. दोन तासांहून जास्त वेळ रस्त्यातच जातो. तिथेच टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन घ्यावं. डोस वजनावर: 60 किलोच्या आत 30 मिलिग्रॅम, 70 ते 79 किलोला 40, नव्वदीपुढे 50, वय 75 च्या वर असेल तर निम्मा. एकाच दमात शिरेतून जातं. त्याच कामाचं जुनं औषध स्ट्रेप्टोकायनेज स्वस्त, पण 15 लाख युनिट 30 ते 60 मिनिटं ठिबकत द्यावं लागतं, बीपी कोसळू शकतं आणि एकदा दिलं की पुन्हा देत नाहीत. शंभरात साधारण एकाला मेंदूत रक्तस्राव होतो. पूर्वी तसा झाला असेल, अलीकडे लकवा किंवा डोक्याला मोठा मार असेल, तर इंजेक्शन बाद.

लोक चुकतात ते पुढे. कळ थांबली म्हणून तिथेच थांबतात. इंजेक्शन देताच नागपूरकडे निघायचं. 60 ते 90 मिनिटांनी ईसीजी. एसटी निम्म्याने उतरला नसेल तर तातडीने अँजिओप्लास्टी, उतरला असेल तरी 2 ते 24 तासांत अँजिओग्राफी.

"गुठळी नळीने ओढूनच काढा" हा आग्रह मात्र सोडा. अँजिओप्लास्टीत फुगा-स्टेंटआधी सिरिंजने गुठळी ओढता येते, पण सरसकट ओढून फायदा नाही. 2015 च्या 'टोटल' चाचणीत दहा हजारांवर रुग्णांत मृत्यू घटले नाहीत. 30 दिवसांत लकवा 0.3 ऐवजी 0.7 टक्क्यांना झाला. नळी मागे घेताना सक्शन तुटलं, तर तुकडा महाधमनीतून मेंदूकडे जाऊ शकतो. गुठळी फार मोठी असेल तेव्हा डॉक्टर ते हत्यार काढतात, तेवढं ठीक.

अटॅकनंतर हृदयाच्या डाव्या कप्प्यात झालेली गुठळी वेगळी. ती सहसा ओढत नाहीत; रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या साधारण तीन महिने, मग पुन्हा इको.

निघण्याआधी ईसीजीचा फोटो कॅथ लॅबला पाठवा. इंजेक्शनचं नाव, डोस, वेळ चिठ्ठीवर लिहून घ्या.